भिंगाचा दिवा आणि तिसरी रेघ

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या वाचनालयातर्फे आम्ही जे भाषण केले, त्याचा हा मजकूर. भाषण तिघांनी मिळून लिहिले होते आणि एकाने वाचले होते.)



काल याच मांडवात नाट्यगीतांची मैफल रंगली. उद्या मुलांची नाटुकली आहेत. मधला आजचा दिवस वाचनालयाच्या वाट्याला आला आणि आम्ही विषय निवडला तो टेबलावरच्या दिव्याचा. विषय ऐकून घरचीच माणसे म्हणाली, "दिव्यावर अर्धा तास काय बोलणार? बटण दाबलं की लागतो, पुन्हा दाबलं की विझतो." खरे आहे. पण या एका दिव्यामुळे गेल्या दोन वर्षांत आमच्या वाचनालयात दोन-तीन गोष्टी अशा घडल्या, की त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यातली एक आमच्या चुकीची आहे. तीही सांगणार आहोत.

दिवा इथे समोरच ठेवला आहे. वाटीएवढ्या नव्हे, चांगल्या बशीएवढ्या व्यासाचे भिंग, त्याच्या कडेने गोल बसवलेले एलईडी दिवे, आणि हे सगळे पेलणारा दोन सांध्यांचा स्प्रिंगचा हात. टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा. हात ओढून हवा तिथे न्यावा, सोडला की तिथेच थांबतो. असा स्प्रिंगांनी तोललेला हात १९३२ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज कारवर्डाइन नावाच्या इंजिनिअरने बनवला. तो मोटारींच्या स्प्रिंगांचे काम करणारा माणूस होता. नुसत्या दिव्याचा तो हात पुढे भिंगालाही उपयोगी पडला. दोन्ही हात मोकळे ठेवून बारीक काम करता येते, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

आता हा दिवा आमच्याकडे आला कसा, ते सांगतो.

आपल्या बडोद्यात जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर अजून ट्रंका आहेत. घर पाडून फ्लॅट होताना त्या खाली येतात. दोन वर्षांपूर्वी रावपुऱ्यातल्या एका घरातून अशीच एक ट्रंक वाचनालयात आली. पूजेच्या पोथ्या, दोन फोटो, आणि वाळवीने खाल्लेली एक खर्डेवही. वहीची चारच पाने शाबूत. अक्षर मोडी. आमच्यापैकी दोघांना मोडी थोडीफार येते, म्हणून शनिवारी दुपारी बसून वाचायचे ठरले. ट्रंक आणणारे गृहस्थ जाता जाता म्हणाले, "त्यात आमच्या पणजोबांचा हिशेब आहे. त्यांनी बहिणीला दरमहा किती पैसे पाठवले, तेवढं बघा."

प्रश्न साधा वाटला. नंतर कळले, की त्यामागे तीन पिढ्यांचे दुखणे आहे. पणजोबा राज्याच्या नोकरीत कारकून. त्यांची एक बहीण लहानपणीच विधवा होऊन सासरी देशावर राहिलेली. दोघा भावांनी मिळून तिला दरमहा पावणेपाच रुपये पाठवायचे ठरवले होते. धाकटा आपला वाटा थोरल्याच्या हाती देई आणि थोरला मनीऑर्डर करी. धाकट्याच्या घरात पुढे असे बोलले जाऊ लागले, की थोरला साडेचारच पाठवायचा आणि पावली स्वतःकडे ठेवायचा. पावलीसाठी दोन घरे लग्नकार्यातही एकमेकांकडे नीट बोलेनाशी झाली. ती पावली गेली, तो रुपया गेला, पण बोलणे राहिले.

ज्यांनी जुने हिशेब पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल, की आपल्याकडे पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या रेघांनी लिहीत. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणजे साडेचार लिहायचे तर ४॥ आणि पावणेपाच लिहायचे तर ४॥।. सगळा फरक एका रेघेचा.

त्या घरच्यांनी पूर्वी कधीतरी त्या पानाची झेरॉक्स काढली होती. झेरॉक्समध्ये रेघा दोनच. मूळ पानावर आम्हालाही दोनच दिसल्या. तिसरीच्या जागी काहीतरी फिकट होते. एक म्हणाला, रेघ आहे. दुसरा म्हणाला, वाळवीचा ओरखडा आहे. तिसऱ्याने मोबाइलचा टॉर्च धरला, तर पान नुसते पांढरे झाले आणि जे दिसत होते तेही गेले. शेवटी आम्ही एकमेकांच्या डोळ्यांची चौकशी करू लागलो. आम्ही तिघेही साठीच्या पुढचे.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. जवळचे दिसेनासे होण्याला आपण चाळिशी म्हणतो आणि त्यावरच्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतो. रोग आणि औषध, दोहोंना वयाचेच नाव. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातले भिंग ताठर होत जाते. लहानपणी ते सहज फुगते आणि नाकाजवळचे अक्षरही दिसते. वय वाढले की ते फुगायचे बंद होते. हे सगळ्यांना माहीत असते. जे फारसे कोणी सांगत नाही ते असे, की डोळ्याची बाहुलीही लहान होते आणि भिंग पिवळसर होते. त्यामुळे विशीतल्या डोळ्याच्या आत जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्याच्या आत पोचतो. आपण चष्म्याचा नंबर वाढवत राहतो आणि खोलीतला दिवा मात्र तोच, छताला लावलेला, तोही आपल्या पाठीमागे. मग पुस्तकावर आपल्याच डोक्याची सावली पडते.

उजेडाचा हिशेब सोपा आहे. दिवा निम्म्या अंतरावर आणला की कागदावर पडणारा उजेड चौपट होतो. खोलीत दुसरी ट्यूबलाइट लावण्यापेक्षा आहे तोच लहान दिवा कागदाजवळ आणणे शहाणपणाचे. म्हणून आम्ही भिंगाचा दिवा घ्यायचे ठरवले. आणि पहिलीच चूक केली.

दुकानात सगळ्यात जास्त मोठे दाखवणारे भिंग मागितले. आठ डायॉप्टरचे मिळाले. आणून लावले तर कागद भिंगाच्या पाच बोटांवर आणावा लागे, एका वेळी जेमतेम दोन शब्द दिसत, कडेची अक्षरे वाकडी होत, आणि बोरू-पेन्सिल मध्ये घालायला जागा नाही. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ओळ सलग धावते. दोन-दोन शब्दांच्या तुकड्यांत ती वाचणे म्हणजे किल्लीच्या भोकातून वरात पाहणे.

मग आम्ही थोडा अभ्यास केला. शंभराला डायॉप्टरच्या आकड्याने भागले, की भिंगाचे केंद्रांतर सेंटिमीटरमध्ये मिळते. तीन डायॉप्टरला साधारण ३३ सेंटिमीटर, पाचला २०, आठला साडेबारा. कागद या अंतराच्या आत हवा, बाहेर गेला की चित्र बिघडते. मोठे दिसण्याचा हिशेब दुकानदार सामान्यपणे असा सांगतात, की तीनचे भिंग पावणेदोन पट, पाचचे सव्वादोन पट आणि आठचे तिप्पट. म्हणजे मोठे दिसण्याच्या लोभाने आपण जागा गमावतो. वाचायला आणि शिवणकामाला तीन डायॉप्टरचे मोठे भिंग पुरे होते. पाचचे मण्यांच्या किंवा रफूच्या कामाला. त्यापुढचे भिंग एखादेच अक्षर, एखादाच टाका तपासण्यापुरते. आम्ही दुकानदाराच्या हातापाया पडून आठचे बदलून तीनचे आणले. तोच हा.

बसवण्याची पद्धतही लिहून ठेवली आहे, ती सांगतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याने दिवा डावीकडून आणावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. भिंग डोळ्याला नव्हे, कामाला समांतर ठेवावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहावे. वाकायचे नाही. कागद उचलून तिरप्या फळीवर ठेवावा, नाहीतर डोळे वाचतात आणि मान जाते. चाळिशी लावून आणि काढून, दोन्ही तऱ्हांनी पाहावे. दुहेरी चष्मा असलेल्यांनी तर जरूर पाहावे, कारण खालच्या काचेतून बघायच्या नादात हनुवटी वर जाते आणि तासाभराने मान धरते. खोलीतला दुसरा दिवा बंद करू नये. काळोखात एकच प्रखर तुकडा पाहत बसले की डोळे लवकर शिणतात. गुळगुळीत कागद चमकत असेल तर दिवा थोडा कडेला घ्यावा. घेताना उजेड फार निळसर-पांढरा न घेता मधला, चार हजार केल्विनच्या आसपासचा घ्यावा. रंगांच्या धाग्यांचे काम असेल तर ज्या दिव्यात रंग खरे दिसतात, म्हणजे ज्याच्या खोक्यावर सीआरआय ९० किंवा अधिक लिहिले आहे, तो घ्यावा. नाहीतर रात्री जांभळा म्हणून भरलेला टाका सकाळी निळा निघतो.

आता त्या रेघेकडे येऊ. नवीन भिंग लावून पहिल्या शनिवारी पान खाली ठेवले. वरून पाहिले तर फिकट डाग जरा मोठा दिसला, इतकेच. मग दिव्याच्या कडेचे एलईडी बंद करून दुसरा लहान दिवा कागदाच्या बाजूने, जवळजवळ आडवा धरला. कागदावरचे चढउतार असे आडव्या उजेडात उठून दिसतात. आणि त्या डागाच्या जागी एकमेकींना समांतर अशा दोन केसासारख्या कडा दिसल्या. मधे काही नाही. बोरू कोरडा पडला, की त्याच्या टोकाच्या चिरेच्या दोन बाजू कागदावर दोन बारीक कडा काढतात आणि मधली शाई उतरत नाही. वाळवी अशी सरळ आणि जोडीने चालत नाही. रेघ होती. तिसरी रेघ होती. पुढच्याच अक्षराला शाई पुन्हा गडद झालेली होती, म्हणजे तिथे बोरू दौतीत बुडवला होता.

थोरल्याने पावणेपाचच लिहिले होते. तीन पिढ्यांचा आरोप, तो बोरूतली शाई संपल्यामुळे.

आम्ही त्या गृहस्थांना बोलावले आणि भिंगाखाली बसवले. त्यांनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "एक पान आहे, बाकीच्या महिन्यांचं काय ते देव जाणे." हेही खरे. आम्ही न्यायाधीश नाही. पण पुढच्या शनिवारी ते एकटे आले नाहीत. दुसऱ्या घरच्या एक आत्या त्यांच्याबरोबर होत्या. ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी भिंगातून पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "हे आमच्या वडिलांना दाखवायला हवं होतं."

त्या दिवसापासून वाचनालयाच्या खिडकीशेजारचे ते टेबल भिंगाचे टेबल झाले. दुपारी चार ते सहा. पंचांगातली बारीक अक्षरे वाचायला लोक येतात. औषधाच्या पाकिटावरची मुदतीची तारीख पाहायला येतात, आणि ती कशी छापतात ते तुम्हाला माहीतच आहे, चंदेरी कागदावर चंदेरी अक्षरात! यंदा बाप्पासाठी कापसाची वस्त्रे आपल्या महिला मंडळाने त्याच टेबलावर केली. एका काकूंनी सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारणे बंद केले, हा त्यांच्या घरातला मोठाच बदल असे त्यांच्या सूनबाई सांगतात.

आणि एक निवृत्त शिक्षक. त्यांनी आपली सगळी पुस्तके वाचनालयाला देऊन टाकली होती. "आता वाचन झालं आमचं," असे हसत म्हणाले होते, आणि आम्ही त्यांचा सत्कारही केला होता. भिंगाच्या टेबलावर ते सहज म्हणून बसले. अर्धे पान वाचून झाल्यावर उठले, कपाटापाशी गेले आणि त्यांनीच दिलेले एक पुस्तक स्वतःच्या नावावर काढून घेतले. नोंदवहीत सही करताना ते कुणाकडेही पाहत नव्हते. तेव्हा आमच्या ध्यानात आले, की दिसत नाही हे माणसे सांगत नाहीत. ती आवड संपल्याचे सांगतात.

बडोद्याला हे जास्त लागावे. १९०६ साली या राज्यात सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून वाचनालयांचे जाळे विणले आणि पेट्यांतून फिरती वाचनालये खेड्यापाड्यांत पाठवली. पुस्तक वाचकाच्या दारापर्यंत न्यायचे हे काम तेव्हा झाले. दारापासून डोळ्यापर्यंतचे शेवटचे वीतभर अंतर आपल्याला कापायचे आहे.

आता आमची चूक.

टेबलावर नेमाने येणाऱ्या एक मावशी होत्या. पोथी वाचायच्या. एक दिवस म्हणाल्या, "अरे, ही ओळ मधेच वाकते." आम्ही म्हणालो, भिंगाच्या कडेने वाकडी दिसते, मध्यभागातून पाहा. पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, मध्यभागातूनच वाकते. आम्ही दिवा वाढवला. त्यानंतर म्हणाल्या, मधले अक्षर पुसल्यासारखे वाटते. आम्ही पाच डायॉप्टरचे भिंग आणून दिले आणि वर स्वतःचेच कौतुक केले, की पाहा, मंडळ किती काळजी घेते. दोन महिने असेच गेले. सूनबाई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या तेव्हा कळले, की दृष्टिपटलाच्या मध्यभागी आजार आहे, त्या डोळ्यात इंजेक्शने घ्यावी लागतील, आणि गेलेले सगळे परत येईलच असे नाही. डॉक्टरांनी विचारले, "ओळी वाकड्या दिसायला लागल्या तेव्हाच का नाही आलात?"

त्याचे उत्तर आम्ही होतो.

मावशी आम्हाला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. दुसऱ्या डोळ्याने, याच भिंगाखाली, आजही थोडे थोडे वाचतात. पण आम्ही तेव्हापासून टेबलावर एक चौकटीची वही ठेवली आहे, मुलांची गणिताची असते तशी. एक डोळा झाकून दुसऱ्याने त्या चौकटींच्या मध्यावर पाहायचे, मग दुसरा झाकून. रेघा लाटेसारख्या दिसल्या, मधे डाग दिसला किंवा चौकटी गायब वाटल्या, तर दिवा बंद करायचा आणि दोन-चार दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जायचे. काचबिंदू तर आजूबाजूची नजर हळूहळू खातो आणि बहुतेकदा कळतही नाही, म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब अधूनमधून तपासून घ्यावा. मोतीबिंदू असणाऱ्यांना जास्त उजेड उलट टोचतो. तो टोचू लागला तर तेही सांगण्यासारखेच लक्षण आहे. भिंगाने अक्षर मोठे होते, आजार लहान होत नाही. हे वाक्य आम्ही टेबलावर लिहून चिकटवले आहे, मुख्यतः स्वतःसाठी.

दिव्याबद्दलही दोन सूचना. काम झाले की भिंगावर झाकण किंवा जाड फडके घालावे. खिडकीत उन्हात उघडे राहिलेले भिंग ऊन एका बिंदूवर गोळा करते आणि कागद पेटू शकतो. आमचे टेबल खिडकीशेजारी असल्याने आम्ही हे कधीच विसरत नाही. दुसरे, भिंग प्लॅस्टिकचे असेल तर कोरड्या पदराने पुसू नये, ओरखडे पडतात. आधी धूळ फुंकून घ्यावी, मग किंचित ओल्या मऊ सुती कापडाने पुसावे. जुना कागद भिंगाखाली कामापुरताच ठेवावा, तासन्‌तास उजेडात ठेवून जाऊ नये.

आमचे सांगणे एवढेच. घरी गेल्यावर आपल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा, "हल्ली काय वाचता?" ती म्हणाली, "आता नाही वाचत, कंटाळा येतो," तर तो कंटाळा तसाच धरून चालू नका. दिवा जवळ न्या. पान भिंगाखाली ठेवा. आणि त्यांनी काय दिसते ते सांगितले, तर आम्ही जे केले नाही ते करा. ऐकून घ्या.

टेबल रोज चार ते सहा उघडे आहे. चौकटीची वहीही तिथेच आहे. माळ्यावर ट्रंक असेल तर तीही आणा. एखादी रेघ तुमच्याकडेही फिकट होऊन राहिली असेल.